नववी पितळी खुंटी

आमच्या घरी दुपारी तीनचा चहा बाबा करायचे. आई गेली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं झाली. नोकरीत होते तेव्हा तीन वाजता बाबा फॅक्टरीत असायचे, आणि तिथेही म्हणे तीनलाच चहा यायचा. माणूस रिटायर झाला, तीनचा चहा काही झाला नाही. आलं ठेचायचा आवाज आला की मी कामातून मान वर करायची. मी घरूनच काम करते, आर्किटेक्ट लोकांना घरांचे नकाशे काढून देते, आणि मदन महल भागातल्या आमच्या घराची समोरची खोली हेच माझं ऑफिस. बाबा कप टेबलावर ठेवायचे, स्क्रीनकडे पाहायचे आणि विचारायचे, "ही खिडकी इथे काहून?" मग मी चिडायची. "काहून म्हणजे? पार्टीला तिथेच पाहिजे!" हे आमचं रोजचं होतं.

उन्हाळ्यात एक दिवस बाबांनी चहाचं आधण गॅसवर ठेवलं, तेवढ्यात बाहेर झाडांना पाणी टाकायला गेले आणि विसरले. मी कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये. वास आला आणि धावले, तर सॉसपॅनचं बूड काळंठिक्कर, दांडी वितळून ओट्यावर पसरलेली. काही पेटलं-बिटलं नाही, पण मी घाबरले. आणि माझी रीत अशी की घाबरले की मी ओरडते. इतकी ओरडले की शेजारच्या काकू गेटपर्यंत आल्या. ते सॉसपॅन बाबांनी चार दिवस चिंचेने घासलं, आणि ते काही निघालं नाही.

माझा भाऊ पुण्याला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "गॅसची बटनंच काढून ठेव न. सोपं काम." मी काढली. बाबांना सांगितलं, बटनं ढिली झाली आहेत, सारखी गळून पडतात, म्हणून मी माझ्याजवळ ठेवते. दोन्ही बटनं माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. स्वयंपाकाच्या वेळी लावायची, झाला की काढायची. दुपारी दोनला मी चहा करून थर्मासमध्ये भरू लागले आणि तीनला बाबा तो कपात ओतून घेऊ लागले. बटनं दुरुस्त काहून होत नाहीत, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, पटलं त्यांना. किती शहाणी मी!

पण तेव्हापासून बाबा आतल्या आत आक्रसत गेले. आधी घरातला नळ गळला, पंखा कुरकुरला, दाराची कडी अडली, की मी सांगायच्या आधी त्यांचा पेचकस बाहेर यायचा. आता म्हणायचे, "तू पाहून घे. मला जमणार नाही." हे माझ्या बाबांचं वाक्यच नव्हतं हो! छत्तीस वर्षं हा माणूस डिफेन्स फॅक्टरीत एक्झामिनर होता. नखाएवढे पितळी पुर्जे त्यांच्या टेबलावरून जायचे. मापाचा गेज लावायचा, बरोबर बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. घरातही तीच भाषा. आईचे लाडू पास, माझं गणिताचं मार्कशीट रिजेक्ट, भावाला सांगून आलेली पहिली मुलगी पास, दुसरी तर फारच पास. अठ्ठ्याहत्तर वय झालं तरी लोकांकडे पाहून मनातल्या मनात शिक्का मारायचे. तो माणूस आता खुर्चीत बसून दिवसभर खिडकीबाहेर पाहायचा आणि कशालाच काही म्हणायचा नाही.

दिवाळीनंतर माझा जुना कॉम्प्युटर मेला. नवा घ्यायला दुकानात गेले तर दुकानवाले भैया, माझ्याच वयाचे, वर्षानुवर्षांची ओळख, म्हणाले, "दीदी, एक घंटा बैठिए, असेंबल करके दे देते हैं."

मी म्हटलं, "नहीं भैया, पार्ट्स दे दीजिए. घर पे बनाएँगे."

"घर में कोई जानता है?"

"बाबा हैं मेरे," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि खोकी बांधायला घेतली.

बाबांना कॉम्प्युटरचं ओ की ठो माहीत नव्हतं. मलाही फारसं नव्हतंच, चार व्हिडिओ पाहिले होते. पण मला त्यांच्या हाताला काम द्यायचं होतं. पेचकस, पितळ, बारीक स्क्रू, असं काहीतरी, ज्यात ते मला शिकवतील आणि मी चिडेन. खरं सांगते, कॉम्प्युटर हे निमित्त होतं. मला माझे बाबा परत पाहिजे होते.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर सगळी खोकी मांडली आणि मुद्दाम मोठमोठ्याने सुस्कारे टाकत बसले. दहा मिनिटं बाबा दारात उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, "असं कोणी स्क्रू मोकळे टाकतं काय?" आत गेले आणि स्टीलचं ताट घेऊन आले. त्यात सहा वाट्या. एका वाटीत भिंग आणि बगलेत एक जुनी वही. खुर्ची ओढून बसले, चष्म्यावर भिंग धरलं आणि एकेक स्क्रू जातीप्रमाणे वेगळा करू लागले. वहीत लिहून राहिले, बारीक इतके, जाड इतके, चपट्या डोक्याचे इतके. मी उगाच खोक्यात डोकं घातलं.

"आता ऐक," बाबा म्हणाले. "शिफ्ट संपली की ट्रे रिकामा पाहिजे. एक जरी स्क्रू उरला, तर तो कुठेतरी लागायचा राहिला. मग अख्खा लॉट उघडायचा."

"बाबा, हल्ली पाकिटात जास्तीचे देतात."

"जास्तीचे? काहून? मोजून देता येत नाही काय त्यांना?"

हार्ड डिस्कचे स्क्रू उरणार होते, कारण माझ्या मशीनमध्ये ती जुन्या तऱ्हेची डिस्कच नव्हती. हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ते एका लिफाफ्यात घालून वर 'स्पेअर' लिहिलं, तेव्हा कुठे साहेबांचं समाधान झालं. मग त्यांनी एक वाटी पुढे केली. त्यात पितळी खुंट्या होत्या. कॅबिनेटच्या पत्र्यात ह्या खुंट्या बसवायच्या आणि त्यांच्यावर मदरबोर्ड ठेवायचा, म्हणजे बोर्ड पत्र्याला टेकत नाही, अधांतरी राहतो. त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बाबांनी एक खुंटी भिंगाखाली धरून फिरवली. "आटे चांगले काढले आहेत," म्हणाले. "ह्या कुठे?"

"ह्या सगळ्या बोर्डाखाली लागतात," मी म्हटलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. राइट टाउनच्या ज्या आर्किटेक्टशी माझं वर्षभर एका जिन्यावरून वाजत आहे, तोच. रविवारीही चैन नाही माणसाला! मी बाहेर जाऊन वीस मिनिटं त्याच्याशी भांडले. आत आले तर बाबांनी वाटी पालथी करून दाखवली.

"झालं. ट्रे रिकामा."

"वा!" मी म्हटलं. पाहिलं नाही. आम्ही दोघांनी मिळून बोर्ड अलगद ठेवला, स्क्रू कसले. मी पुस्तिकेत वायरींची चित्रं शोधत होते आणि बाबा काहीतरी दाबून बसवत होते, मधेच म्हणाले, "टक! ऐकलं? दोन्हीकडून आला आवाज." मी "हो हो" म्हटलं. बारा वाजेपर्यंत मशीन उभी झाली. बाबांनी देवघरातून कुंकू आणून कॅबिनेटवर बोट टेकवलं, कारण त्यांच्या फॅक्टरीत नव्या मशीनला कुंकू लावल्याशिवाय कोणी हात लावत नसे. मी म्हटलं, "बाबा, बटन तुम्ही दाबा."

त्यांनी पायजम्याला हात पुसला आणि दाबलं.

पंखा अर्धा फेरा फिरला, एक दिवा लुकलुकला आणि सगळं बंद. परत दाबलं. परत अर्धा फेरा आणि बंद. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "मी काही केलं काय?"

"नाही हो बाबा!" मी ओरडलेच. रागाने नाही, पण माझं प्रेमही ओरडूनच निघतं, काय करू?

मग सुरू झाली आमची शोधमोहीम. मागचं बटन, ठीक. प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला, तेच. सगळ्या केबल काढून परत लावल्या, तेच. बाबा माझ्या मागे वही घेऊन उभे, एकेक ओळ लिहून राहिले: केबल ओके, प्लग ओके. मी दुकानवाल्या भैयांना फोन लावला. बिचाऱ्यांची सुट्टी, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, तरी म्हणाले, "बोलिए दीदी. पूजा की थी क्या?"

"की थी."

"कुमकुम अंदर तो नहीं गया? हमारे यहाँ एक जन ने पंखे पे ही हल्दी चढ़ा दी थी." नव्हतं गेलं. मग म्हणाले, ग्राफिक्स कार्ड काढून पहा. काढलं, तेच. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत, एकेक काढून पहा. पाहिलं, तेच. पुढच्या बटनाच्या वायरी काढा आणि बोर्डावरच्या त्या दोन पिनांना पेचकसाचं टोक टेकवा, कदाचित बटनच खराब असेल. टेकवलं. पुन्हा तोच मेला अर्धा फेरा!

दोन वाजले. मी थर्मास भरला, बटनं पर्समध्ये टाकली. बाबांची जेवून आडवं व्हायची वेळ टळून गेली होती. त्यांनी वही मिटली, ताटातल्या वाट्या एकात एक ठेवल्या आणि म्हणाले, "बेटा, दुकानातच नेऊन दे. माझा हात लागला तिथे पाहायला सांग त्यांना. हात आता भरवशाचे नाही राहिले." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी काय करायला बसले होते आणि काय झालं! त्यांना हुरूप यावा म्हणून हा खटाटोप केला, आणि आता ही मशीन दुकानात गेली तर बाबांच्या लेखी कायमचा निकाल लागणार होता, की आपण संपलो. ते उठायच्या आत ती सुरू व्हायलाच पाहिजे होती. मी परत फोन लावला आणि आवाज दाबून म्हटलं, "भैया, कुछ भी करिए."

"अच्छा, अब एक काम कीजिए," भैया शांतपणे म्हणाले. "बोर्ड पूरा बाहर निकालिए. जिस डिब्बे में आया था, उसी के गत्ते पे रखिए और बाहर ही चालू कीजिए."

एकेक स्क्रू काढला, वाटीत ठेवला. बोर्ड उचलून खोक्यावर ठेवला, वायरी जोडल्या, दोन पिनांना पेचकस टेकवला. पंखा फिरला. फिरला आणि फिरतच राहिला. स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. मी तोंडावर हात दाबून नाचले.

"चल गया? तो बोर्ड बढ़िया है," भैया म्हणाले. "गड़बड़ कैबिनेट में है. स्टैंडऑफ गिनिए."

मी रिकाम्या कॅबिनेटमध्ये वाकून पाहिलं. खुंट्या नऊ. बोर्डाला भोकं आठ. नववी खुंटी पत्र्याच्या एका जास्तीच्या आट्यात घट्ट, अगदी सरळ, बाबांच्या हाताने बसवलेली. बोर्डाच्या पोटाशी तिथे भोक नव्हतंच, नुसते सोल्डरिंगचे शिशाचे टाके होते, आणि खुंटीचं टोक त्या टाक्यांना टेकून करंट पत्र्यात उतरत होता. म्हणून मशीन जीव वाचवायला दर वेळी बंद पडत होती. कॅबिनेट मोठ्या बोर्डालाही चालतं, म्हणून पत्र्यात भोकं जास्त असतात आणि खुंट्याही. कोणताही माणूस ती नववी पाकिटात तशीच ठेवून देतो. पण माझ्या बाबांची शिफ्ट संपली होती आणि ट्रेमध्ये एक उरली होती. उरलेली कुठेतरी लागायलाच पाहिजे. त्यांनी जागा शोधून लावली.

"हो जाता है दीदी," भैया म्हणाले. "हमसे भी हुआ है."

जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ विचार आला, आता बाबांना काय सांगू? मी नववी खुंटी काढली. पर्स उघडली आणि गॅसच्या बटनांजवळ टाकली. चोरीचा सगळा माल एका कप्प्यात. भराभर बोर्ड परत बसवला आणि बाबा उठून आले तेव्हा मशीन गुरगुरत होती, स्क्रीन उजळलेला होता.

"अरे वा!" बाबांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, जिंकले मी. त्यांनी घाईने वही उघडली. "काय निघालं?"

"रॅम, बाबा. नीट बसली नव्हती. माझीच चूक. घाईघाईत लावली न मी."

त्यांचं पेन थांबलं. "रॅम तर मी बसवली होती."

खरंच की! ते 'टक' झालं होतं, ते रॅमचंच होतं. मी पुस्तिकेत डोकं घालून बसले होते.

"दोन्हीकडून आवाज आला होता," बाबा हळूच म्हणाले. "मी तुला म्हटलं पण होतं."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. म्हटलं, "होतं कधी कधी, बाबा. आवाज येतो, पण बसत नाही." हे मी कोणाला सांगत होते? ज्या माणसाने छत्तीस वर्षं बोटांनी आणि कानांनी पितळ ओळखलं, त्याला! बाबांनी मान हलवली. वहीत लिहिलं, 'रॅम ढिली.' टोपण लावलं आणि हसत म्हणाले, "चलो. म्हणजे कानही गेले."

आणि मग ते खरोखरच गेल्यासारखं वागू लागले. सोमवारी तीनदा विचारलं, "गेट मी लावलं न?" लावलेलं होतं. मंगळवारी दूधवाल्याने घंटी वाजवली, बाबा दाराशेजारीच बसलेले, उठले नाहीत. मी आतून धावत आले तर म्हणाले, "मला वाटलं ऐकू आली, पण म्हटलं भास असेल." औषधाची गोळी हातात धरून मला दाखवायचे, हीच न? मी दर वेळी "हो बाबा, हीच" म्हणायची आणि आतून स्वतःला शिव्या घालायची. त्यांनी एक चूक केली होती, खरी. मी तिच्यावर पांघरूण घातलं आणि जे काम त्यांनी अगदी बरोबर केलं होतं, तेच चूक ठरवून टाकलं.

बुधवारी तीन वाजता त्यांनी थर्मासमधून चहा ओतला. कपातून वाफ निघत होती, त्यांच्या चष्म्यावर धुकं धरलं होतं. कप हातात धरून त्यांनी मला विचारलं, "गरम आहे न हा?"

झालं. मला तिथे बसवेना. मी उठले, पर्स आणली आणि ती नववी खुंटी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, रॅम बरोबर होती. टक आवाज आला होता. मी खोटं बोलले. हे होतं. ही एक जास्त लागली होती, बोर्डाला टेकत होती. भोकं आठच होती." मी रडायला लागले होते आणि रडता रडताही आवाज चढलेलाच होता. "आणि मीच म्हटलं होतं सगळ्या लागतात! आठ लागतात असं म्हणायला काय झालं होतं मला? त्या मेल्या जिन्याचा फोन आला आणि मी निघून गेले!"

बाबांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं. खुंटी उजेडात धरली. टोकावर बारीक काळा डाग होता, तो पाहिला. नखाने खरवडला.

"टक आवाज आला होता," ते म्हणाले.

"हो."

"दोन्हीकडून."

"हो न बाबा, दोन्हीकडून!"

"अच्छा," ते म्हणाले, आणि अच्छा म्हणताना त्यांचे खांदे जे सैल होऊन खाली आले, ते मी विसरणार नाही. मग वही मागितली. रविवारचं पान काढलं. 'रॅम ढिली' यावर एकच सरळ रेघ मारली, गिरगटलं नाही, कारण फॅक्टरीत खोडायची मनाई होती, चूक दिसली पाहिजे आणि शेजारी सही पाहिजे. खाली लिहिलं, 'स्टँडऑफ एक जास्त. कारण: ड्रॉइंग अपुरं. भोकं मोजली नाहीत.' वाचून दाखवलं. "ड्रॉइंग रिजेक्ट," माझ्याकडे पाहून म्हणाले. "नकाशे काढते म्हणे! आणि एक्झामिनर पण रिजेक्ट. भोकं मोजायला पाहिजे होती मी. दोघांनी सही करायची." दोघांनी केली. मला हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं.

मी नाक पुसत पर्स बंद करायला लागले तर बाबांनी हात पुढे केला. तळहात उघडा.

"आता दुसरं काढ."

"काय दुसरं?"

"गॅसची बटनं. तिथेच आहेत न, आतल्या कप्प्यात?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. बटन खरंच ढिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू दुकानदाराशी भांडून नवं आणलं असतं. तू काय सहा महिने काही ढिलं ठेवणारी बाई आहे?"

"मग बोलले काहून नाही तुम्ही?"

बाबांनी खुंटी टेबलावर उभी केली. "मला वाटलं, तू रिजेक्ट केलं मला. रिजेक्ट झालेला माल काय बोलणार, बाई?"

सहा महिने. सहा महिने हा माणूस थर्मासचा चहा पीत होता आणि हे मनात घेऊन बसला होता, आणि मी समजत होते की मी त्यांना जपून राहिले. मी दोन्ही बटनं त्यांच्या हातावर ठेवली.

"मला भीती वाटते बाबा," मी म्हटलं. "तुम्ही परत विसराल."

"मलाही वाटते," बाबा म्हणाले. "तर चेक कर न. आयुष्यभर मी लोकांचं काम चेक केलं, कोणाला राग नाही आला. पण कोणाचा पेचकस नाही लपवला मी."

ते स्वयंपाकघरात गेले. बटनं बसवल्याचा आवाज आला, एक, दोन. मग किती महिन्यांनी आलं ठेचायचा आवाज. मी दारापर्यंत गेले तर आतूनच म्हणाले, "आता नाही. काम झाल्यावर." मी परत येऊन माझ्या नव्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि स्क्रीनवरच्या जिन्याकडे पाहत राहिले, एक रेघही काढली नाही. चहा उकळला, गाळला, कपांचा आवाज झाला.

"बंद केला," बाबांनी हाक मारली. "ये, पाहून घे."

मी गेले. वाकून पाहिलं. दोन्ही बटनं आडवी, ज्योत नाही, वास नाही. बाबा दोन कप हातात धरून ताठ उभे होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"ठीक आहे, बाबा."

"ठीक काय? नीट सांग."

"पास," मी म्हटलं.

त्यांनी कप माझ्या हातात दिला. साखर जास्त झाली होती. मी ते नाही सांगितलं, मग ती खुंटी आठवली आणि सांगितलं.